घरटी एक अक्षर

पळसटोल्यात हिरवी जीप शिरली की गावाला अचानक कामं आठवतात. कोणाला बैल पाण्यावर न्यायचा असतो, कोणाला भाताच्या तणसीचा ढीग सारखा करायचा असतो, आणि ज्याला काहीच नसतं तो घरात जाऊन दार लोटून घेतो. पोंभुर्ण्याच्या पुढं, जंगलाला पाठ टेकून बसलेलं हे गाव. वनखात्याची गाडी इथं चांगल्या कामासाठी आल्याचं अजून तरी कोणी पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असतं तरी त्या माणसावर गावानं विश्वास ठेवला नसता.

धनराज सुतार मात्र त्या दुपारी अडकला. ओट्यावर दाराची फळी आडवी टाकून तो रंधा मारत बसला होता, अंगभर भुसा, पळणार कुठं? जीप नेमकी त्याच्याच घरासमोर थांबली. नवा वनरक्षक आदेश गाडी चालवत होता. त्यानं काच खाली करून हात हलवला आणि गाडी वळवून तो निघूनही गेला. मागं राहिली एक पोरगी. पंचविशीची असेल. पाठीवर जाड पिशवी, गळ्यात कॅमेरा आणि पायात खाकी पँट. ती पँट पाहूनच धनराजचा रंधा थांबला.

"नमस्कार भाऊ. मी करिष्मा, वरोऱ्याची," पोरगी म्हणाली. "एस.टी. चुकली, तर या साहेबांनी इथवर सोडलं. तुमच्या गावात नाटकाच्या पोस्टरची लाकडी अक्षरं आहेत ना? सागवानाची?"

घ्या. नाव-गाव सांगून झालं नाही तोच सागवान!

"तुमाले कोणं सांगतलं?" धनराजनं विचारलं.

"पोंभुर्ण्यात चहाच्या हॉटेलात एक जुनं पोस्टर चिकटवलेलं आहे. खाली 'पळसटोला नाट्य मंडळ' असं छापलंय. ती अक्षरं पाहून मी चहा प्यायचीच विसरले. हॉटेलवाले म्हणाले, अक्षरं गावातच कोरलेली आहेत, अस्सल सागवानात. कोणी कोरली हो?"

धनराज उगाच अंगावरचा भुसा झटकू लागला. कारण अक्षरं कोणी कोरली हे पळसटोल्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. धनराजचा बाप लटारू सुतार, त्यानं कोरली होती. आणि लाकूड कुठून आलं होतं, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त ते बोलायचं नव्हतं.

या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते आणि मंडईच्या रात्री नाटक होतं. आता त्याची जाहिरात चंद्रपूरच्या दुकानातून छापून आणलेल्या प्लास्टिकच्या बॅनरवर होते, हिरो-हिरोइनीचे गाल टमाट्यासारखे लाल करून. पण लटारूच्या काळात पळसटोला आपलं पोस्टर आपणच छापायचा. लटारूनं सागवानाच्या फळ्यांतून हातभर उंचीची अक्षरं कोरली होती, उलटी, म्हणजे कागदावर सुलटी उमटावीत. जवसाच्या तेलात काजळी खलून शाई करायची, ती कापडाच्या बोळ्यानं अक्षरावर थापायची, वर गुलाबी कागद टाकायचा आणि बायकोचं लाटणं त्यावरून फिरवायचं. अक्षरंही लटारूसारखीच होती, आडदांड. डोक्यावरची रेघ घराच्या आढ्यासारखी जाड, आणि प्रत्येक काना जिथं संपतो तिथं खाली सपाट, रुंद पाय. बारीक टोक ठेवलं तर लाटण्याखाली तुटतं म्हणून त्यानं प्रत्येक अक्षराला असा पाय दिला होता. बैलबंडीतून जाणाऱ्या माणसालाही ते पोस्टर न थांबता वाचता यायचं.

धनराज याच अक्षरांवर वाचायला शिकला. बाप त्याला मांडीवर घेऊन अक्षरावरून त्याचं बोट फिरवायचा. परिणाम असा झाला, की शाळेत पहिल्या दिवशी त्यानं पाटीवर 'क' उलटा काढला आणि मास्तरांचा मार खाल्ला. घरी येऊन रडला तर बाप पोट धरून हसला होता. ते हसणं धनराजला अजून ऐकू यायचं.

आणि लाकूड? निस्ताराच्या, म्हणजे जंगलातून गरजेपुरतं घ्यायच्या, हक्कात गावाला नांगरासाठी लाकूड मिळतं, वखरासाठी मिळतं, घराच्या खांबासाठी मिळतं. नाटकासाठी मिळत नाही. सागवान तर नाहीच नाही. लटारूचं म्हणणं असं, की नाल्याकाठचं ते झाड वादळात पडलं होतं. गावाचंही तेच म्हणणं. वादळाला कोणी विचारायला गेलं नाही. बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण मेलेल्या माणसाच्या नावानं केस काढणार नाहीत याची खात्री कोण देणार? बापाचं नाव गावात मानाचं होतं. ते वनखात्याच्या फायलीत, चोर म्हणून, शाईनं लिहिलं जाईल, हे धनराजला सोसणार नव्हतं.

तो काही बोलण्याआधीच बिरजू आला. बिरजू नाट्य मंडळाचा अध्यक्ष. गावातला जुना गोंड शेतकरी, माणूस सोन्यासारखा, पण नाटकाचं नाव काढलं की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. पोरगी नाटकाच्या अक्षरांसाठी आली म्हटल्यावर त्यानं आनंदानं मंडळाच्या खोलीचं कुलूपच उघडलं आणि पेटी बाहेर ओढली. धनराज मागून डोळे मोठे करत राहिला, पण बिरजूनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

करिष्मानं पहिलं अक्षर उचललं आणि जमिनीवर बसकण मारली. मग तिचं जे सुरू झालं, ते पाहून धनराजची उरलीसुरली शंका पण गेली. तिनं पिशवीतून लोखंडी माप काढलं. अक्षराची जाडी मोजली, पायाची रुंदी मोजली. नखानं शाई खरवडून लाकडाचा रंग पाहिला. वास घेतला. चारी बाजूंनी फोटो काढले, मागच्या बाजूचेसुद्धा. मागं काय असतं? लाकडावर सरकारी शिक्का आहे की नाही, हे पाहायचं असेल तर माणूस मागची बाजू पाहतो!

"एकाच झाडाचं लाकूड आहे का हे सगळं?" तिनं विचारलं.

"मले नाई माहीत," धनराज म्हणाला.

"साधारण किती वर्षांपूर्वीचं असेल?"

"नाई माहीत."

"मी याचा फॉन्ट करणार आहे," ती सांगू लागली. "म्हणजे ही अक्षरं कॉम्प्युटरमध्ये जशीच्या तशी आणायची. मग कोणालाही ती टाइप करता येतील. मोठ्या मथळ्यांना, दुकानांच्या पाट्यांना, पुस्तकांच्या मुखपृष्ठांना. अशी रांगडी, जाड पायाची अक्षरं देवनागरीत फार कमी आहेत हो. लोक शोधत असतात."

धनराजनं मान हलवली. मनात म्हणाला, थाप मारावी तर जरा बरी मारावी. लाकडाचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये घालायला वरोऱ्याहून पळसटोल्यात कोण येतं? इतकं रिकामं माणूस जगात असतं का?

"एक नाव मात्र मला पाहिजेच," करिष्मा म्हणाली. "कोरणाऱ्याचं. भाऊ, तुम्ही सुतार. तुमच्या घरातलंच कोणी होतं का? तुमचे बाबा?"

बिरजूनं तोंड उघडलं. धनराजनं त्याच्या पायावर पाय दिला.

"नाई," धनराज म्हणाला. "आमचे बाबा नांगर-वखर करत. त्याहीले हे जमत नोयतं."

बोलून झालं आणि त्याला तोंडात माती गेल्यासारखं वाटलं. पण शब्द बाहेर पडला होता. करिष्मानं हळहळून मान हलवली. सगळ्या अक्षरांचे शाईनं ठसे घ्यायला उद्या सकाळी येते, म्हणाली, आणि अंगणवाडीच्या साधनाबाईकडं मुक्कामाला गेली.

"पाय काऊन दाबला गा माझा?" बिरजूनं विचारलं.

"डोळे फुटले का तुये? कोणाच्या गाडीतून उतरली ते नाई पाह्यलं? लाकूड कोणतं, झाड कोणतं, कोणं आणलं, हेच विचारून राह्यली ते! उद्या ठसे घेणार म्हणते. पंचनाम्याशिवाय ठसे कोण घेते?"

बिरजूचा चेहरा पडला. पोरीनं विचारलेलं सगळं त्यानं मनात पुन्हा आठवून पाहिलं असावं, कारण थोड्या वेळानं त्यानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

घरी कमळानं, म्हणजे धनराजच्या बायकोनं, एक शंका काढून पाहिली. "का हो, पोरगी खरं बोलून राह्यली असंन तर?"

"खरं बोलणारा माणूस जंगलखात्याच्या जीपमधून येते का?" धनराज म्हणाला. कमळा चुलीकडं वळली. या प्रश्नापुढं पळसटोल्यात कोणाचंच काही चालत नाही.

मग गावानं ते केलं, जे पळसटोला पिढ्यान्‌पिढ्या करत आला होता. पूर्वी कधी शिकारीत रानडुक्कर पडलं, की मांस एका घरात राहत नसे. घरटी वाटा होई. एकट्या बाईच्या घरी आधी, मग म्हाताऱ्यांच्या, मग बाकीच्यांच्या. गोंड असो, कुणबी असो, सुतार असो, चुकलेलं घर नाही. वाटा आत गेला की त्या घरानं नाई म्हणायचं. पाहुण्याला नाई, जावयाला नाई, देवानं विचारलं तरी नाई. आणि सगळ्यात पक्का नियम असा, की एखादा सापडलाच आणि घाबरून कबूल झालाच, तरी बाकीच्यांनी नाईच म्हणायचं. एकटा हो म्हणतो आणि अख्खं गाव नाई म्हणतं, म्हटल्यावर साहेबालाही कंटाळा येतो. असं या गावानं कितीतरी माणसं सोडवून आणली होती.

दिवेलागणीला पेटी उघडली गेली. पदराखाली, टोपलीत, धोतराच्या सोग्यात एकेक अक्षर घरोघर गेलं. म्हाताऱ्या मंगलीबाईला 'ळ' मिळाला. बिरजूच्या घरी 'न' गेला आणि एक वेलांटीही गेली. लाकूड शोधायला आले की सुताराचं घर पहिलं पाहतात, म्हणून धनराजच्या घरी मात्र एकही ठेवलं नाही. ही सूचनाही धनराजचीच.

"आमच्या बाबाचं नाव कोणीच घेऊ नका," त्यानं प्रत्येकाला हात जोडून सांगितलं. "काहीही झालं तरी. मी जरी बोललो तरी."

"तू चिंता नको करू बापा," मंगलीबाई म्हणाली. "आम्ही काय आज जन्मलो?"

सकाळी करिष्मा शाईचा डबा आणि कागदाची गुंडाळी घेऊन आली. बिरजूनं कुलूप उघडलं, पेटीचं झाकण उचललं. आत एक मेलेलं झुरळ होतं.

पोरगी पांढरीफटक पडली. "चोरी झाली!" ती ओरडली. गाव जमलं आणि तोंडावर हात ठेवून हळहळू लागलं. इतकं चांगलं काम पळसटोल्यानं मंडईच्या नाटकातही कधी केलं नव्हतं. पण पोरगी रडून थांबणारी नव्हती. पोलिसात कळवायला पाहिजे म्हणाली, आणि तिच्याकडं या भागातल्या एकाच सरकारी माणसाचा नंबर होता, तो तिनं लावला. थोड्या वेळानं मोटारसायकलवरून आदेश वनरक्षक हजर झाला.

"पाह्यलं?" धनराज बिरजूच्या कानाशी लागला. "दोघं एकच आहेत."

आदेश आतबाहेर करून आला. "सागवानाची जुनी अक्षरं कोण चोरंल बापा? जाळायलेही पुरणार नाईत," तो म्हणाला. "आन् हे पाहा, घाबरून कोणी लपवली असतील तर आणून द्या. केस-बीस काही नाई. इतक्या जुन्या लाकडाले कोण विचारते?"

हे मात्र त्यानं बोलायला नको होतं. केस करतो म्हणणारा गार्ड गावाला माहीत होता. केस नाही म्हणणारा गार्ड गावानं पहिल्यांदाच पाहिला होता, आणि गाव अधिकच सावध झालं. दोन-चार जण मागच्या मागं सटकले.

करिष्मा पायरीवर बसली. तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि मांडीवर उघडला. "रात्री साधनाताईंकडं बसून थोडं काम केलं होतं," ती कोणाकडंच न पाहता म्हणाली. "बघा, मी काय करायला आले होते ते तरी बघा."

पांढऱ्या पडद्यावर काळ्याभोर अक्षरांत उभं होतं: पळसटोला.

धनराज पुढं सरकला. 'प' चा पाय रुंद, सपाट. 'ट' ची पाठ फुगीर. 'ळ' चे दोन्ही डोळे गोल गरगरीत, बाप ते कोरताना जीभ बाहेर काढायचा. पायांचे कोपरे किंचित घासलेले, कारण धारदार कोपरा कागद फाडतो, म्हणून बाप पटाशीची पाठ त्यावरून फिरवायचा. कोणतंही अक्षर उलटं नव्हतं. शाई नव्हती, लाटणं नव्हतं, आणि तरी बापाचा हात तिथं होता. करिष्मानं एक बटण दाबलं, शब्द मोठा झाला. दुसरं दाबलं, तिथं दुसरा शब्द आला. नाटक. मंडई. चहा. 'चहा' हा शब्द लटारूनं कधी लावला नव्हता, पण अक्षरं त्याचीच होती.

"ज्यानं हे कोरलं, त्याच्या नावानंच या फॉन्टचं नाव ठेवायचं होतं मला," करिष्मा म्हणाली. "जगात कोणीही तो वापरायला घेतला की आधी ते नाव दिसलं असतं. म्हणून काल खोदून खोदून विचारत होते. तुम्हाला त्रास झाला असेल, माफ करा."

धनराजचे कान गरम झाले. थाप अशी नसते, हे त्याला लाकडात हात घालणारा माणूस म्हणून कळलं. कोणी नाटक करायला बापाच्या अक्षरांच्या पायांचे कोपरे घासत बसत नाही.

"माझ्या बाबानं," तो म्हणाला. पडद्यावरच्या अक्षराच्या पायावर त्यानं बोट ठेवलं. मग पुन्हा म्हणाला, "माझ्या बाबानं कोरली, बाई. लटारू. लटारू सुतार."

करिष्मानं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत आनंद असेल असं त्याला वाटलं होतं. तिथं शंका होती.

"काल तर तुम्ही नाही म्हणालात. त्यांना जमतच नव्हतं, म्हणालात."

"काल मी खोटं बोललो."

"आणि आज नाव लागणार हे ऐकल्यावर खरं बोलताय?" ती सावकाश म्हणाली. ती वाईट नव्हती. पण तिच्या जागी कोणीही हेच विचारलं असतं, धनराजनंही.

"बिरजूले विचारा!" धनराज वळला. "बिरजू, सांग गा. सांग बाईले कोणं कोरली ते."

बिरजूनं धनराजकडं पाहिलं. मग आदेशकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर इतकी माया दाटून आली, की धनराजला त्याच क्षणी सगळं कळून चुकलं.

"मले नाई माहीत," बिरजू म्हणाला.

"अरे बिरजू!"

"लटारू तर नांगर करत होता," बिरजू ठामपणे म्हणाला. "साहेब, हा धनराज साधा माणूस आहे. तुमाले पाहून घाबरला. घाबरून काहीही बोलून राह्यला."

"मी घाबरलो नाई!" धनराज ओरडला, आणि ओरडल्यामुळं तर तो आणखीच घाबरलेला दिसला. कमळा पुढं झाली, "खरं आहे बाई, माझ्या सासऱ्याचंच काम आहे," म्हणाली. बायकांत कुजबुज झाली, की बिचारी कमळाही घाबरली.

धनराजनं करिष्माचा हात धरायचाच बाकी ठेवला होता. "चला माझ्या संगं. अक्षरंच दाखवतो," म्हणत तो तिला घरोघर घेऊन निघाला. पहिल्या घराला कुलूप. दुसऱ्या घरात, अक्षर म्हणजे काय, असं विचारणारी म्हातारी भेटली. तिचा नातू तालुक्याला कॉलेजात होता. तिसऱ्या घरी कोंबड्यांच्या खुराड्याचं दार एका जाड काळ्या लाकडानं टेकवलेलं होतं. धनराज तिकडं धावला, तर घरधनी आडवा आला आणि खुराड्यात साप आहे म्हणाला.

मंगलीबाई अंगणात बसली होती. तिच्या लुगड्याखालून 'ळ' चा एक डोळा स्पष्ट दिसत होता.

"मंगलीबाई, उठ ना व," धनराज काकुळतीला आला. "पाया पडतो तुया. हे बाई चांगली आहे. बाबाचं नाव लावते म्हणते."

म्हातारी हलली नाही. तिनं मागं उभ्या असलेल्या गार्डला नीट पाहून घेतलं. "गुडघे धरले बापा," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत नाई उठू शकत." आणि मग आवाज खाली करून, फक्त धनराजला ऐकू जाईल असं, ती पुटपुटली, "तू काही बोलू नको. आम्ही आहोत ना."

सत्तरी ओलांडलेल्या बाईला हाताला धरून उठवायचं कसं? धनराज तिथंच मातीत बसला. त्याला गावाचा राग यायला पाहिजे होता. राग येईना. सगळे त्याच्यासाठीच खोटं बोलत होते, आणि त्यानंच शिकवलेलं खोटं इतकं चोख बोलत होते, की त्यात बोट घालायला फट नव्हती.

"भाऊ," करिष्मानं विचारलं, "रागावू नका. अक्षरं तुम्ही कोणाला विकलीत का?"

धनराज मातीतून उठला. त्यानं नुसती मान हलवली. ती मान हो म्हणतेय की नाही, हेही तिला कळलं नसेल. पोंभुर्ण्यातलं पोस्टर आणि कालचे फोटो एवढ्यावर काम निभावून नेते, असं म्हणून तिनं पिशवी आवरली. आदेशनं तिला मागं बसवून घेतलं. जाताना ती पुन्हा नमस्कार करून गेली, हे धनराजला जास्त लागलं.

मोटारसायकलचा आवाज जंगलात विरला तसं गाव मोकळं झालं. ऊन उतरायच्या आत एकेक जण धनराजच्या अंगणात येऊ लागला. कोणी पदराखालून अक्षर काढलं, कोणी टोपलीतून. खुराड्याचं लाकूड आलं, त्याला पिसं चिकटली होती. मंगलीबाई स्वतःच्या पायांनी चालत आली, गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं. ओट्यावर बापाच्या अक्षरांची रास झाली. हसणं, थट्टा, बिरजूनं गार्डची केलेली नक्कल, सगळं रंगात आलं होतं.

कमळानं साधनाबाईकडून करिष्माचा नंबर आणून धनराजच्या हातात दिला. तो घराच्या मागं गेला आणि फोन लावला. अक्षरं सापडली म्हणाला. लपवली का होती, कोणी होती, वाटा म्हणजे काय, सगळं सांगितलं. वाटेल तेव्हा या, अख्खं गाव तुमच्यापुढं सांगेल माझ्या बाबाचं नाव, म्हणाला.

पलीकडं तिनं सगळं ऐकून घेतलं.

"अक्षरं मिळाली हे फार बरं झालं," करिष्मा म्हणाली. "मी ठसे घ्यायला येईन. पण भाऊ, काल तुम्ही नाही म्हणालात. आज सकाळी अख्खं गाव नाही म्हणालं. आता अख्खं गाव हो म्हणेल म्हणता. मी यातलं कोणतं खरं धरू?"

धनराजनं फोन दुसऱ्या कानाला लावला. गाव खोटं बोलत नाही, असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

"नावाची जागा मी सध्या मोकळी ठेवते," ती म्हणाली. आवाज मऊ होता. "चुकीचं नाव लावण्यापेक्षा ते बरं."

तो अंगणात परतला तेव्हा मंगलीबाई फडक्यानं 'ळ' पुसत होती. बिरजूनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "पाह्यलं ना गा? एकानंही लटारूचं नाव नाई घेतलं. कोणी नाईच घेणार, मेलो तरी. झालं ना तुयं काम?"

सगळे त्याच्याकडं पाहत होते. आपल्या माणसाला सोडवून आणल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नव्हता.

"झालं," धनराज म्हणाला, आणि कमळाला सगळ्यांसाठी चहा ठेवायला सांगितला.